पाण्यासारखं दिसणारं मीठ

उन्हाळा चढला की आमच्या धाराशिवच्या घरात जिथं तिथं पाणी भरून ठेवलेलं असतं. नळाचा वार ठरलेला. तो हुकला तर पुढच्या वारापर्यंत वाट बघायची. म्हणून हंडे, कळश्या, बादल्या, तांबे, लग्नात आलेली आणि एरवी माळ्यावर असणारी पातेलीसुद्धा काठोकाठ भरून ठेवतात. दुपारी सगळं घर निजतं. मला झोप येत नाही. उठून पेला भरतो आणि तोंडाला लावण्याआधी डावा तळहात पाण्याच्या जरा वर धरून उभा राहतो. हाताला काही लागत नाही ना, याची खात्री झाली की मगच पितो.

परवा नातीनं मला तसं उभं असताना पकडलं.

"आजोबा, पाण्याला आशीर्वाद देता का तुम्ही?"

"गरम आहे का बघतोय."

"माठातलं पाणी?"

"हो."

"मग बोट घालून बघा की."

ती हसत निघून गेली. मी मात्र पेला खाली ठेवला. बोट घालून बघा, हे तिचं म्हणणं अगदी साधं होतं, पण ते ऐकून मी हात पाठीमागं घेतला. इतकी वर्षं झाली तरी घेतो. ज्याला वाफ नसते, बुडबुडे नसतात, रंग नसतो, जे काचेच्या भांड्यात विहिरीच्या पाण्यासारखं नितळ पडून राहतं आणि बोट घातलं तर मागं फक्त हाड ठेवतं, असं एक द्रव मी एक अख्खा उन्हाळा रोज समोर ठेवून बसलो होतो, हे तिला मी कधी सांगितलेलं नाही.

तो उन्हाळा उमरग्याचा. तिथं नवं कॉलेज निघालं होतं आणि मी नुकता बी. एस्सी. होऊन डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागलो होतो. रसायनाची प्रयोगशाळा म्हणजे पत्र्याची लांबट शेड. शेडच्या मागून सोलापूर-हैदराबाद रस्ता जायचा. माल भरलेला ट्रक गेला की टेबलावरच्या काचा एकमेकींना लागून किणकिणायच्या आणि माझ्या गॅल्व्हानोमीटरचा काटा उगाच थरथरायचा. ट्रक लांब जाईपर्यंत मी श्वास धरून बसायचो. कॉलेजला सुट्टी लागलेली, गाव उन्हानं गप्प झालेलं, आणि त्या शेडमध्ये मी, एक पेटलेला स्टो आणि ते भांडं.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेची पायरी नीट चढलं नव्हतं. दादा, म्हणजे माझे वडील, अणदूरला शिवणकाम करायचे. मी सातवीत असताना ते गेले. त्यानंतर तुळजापूरच्या शाळेत शिकताना मी वार लावून जेवलो. आठवड्याचा प्रत्येक दिवस वेगळ्या घरी. कुणी पुजारी, कुणी कारकून, एक मास्तर. एकाही घरानं मला पाटावरून उपाशी उठवलं नाही. त्या सगळ्या घरांनी मिळून मला पदवीपर्यंत पोचवलं, असं मी आजही मानतो. पण त्या वेळी या कृतज्ञतेचं माझ्यात एक विचित्र रूप झालं होतं. मला सतत भीती वाटायची. मी नापास झालो तर एकटा नापास होणार नव्हतो. सात घरांचं अन्न नापास होणार होतं.

शहरातल्या एका प्राध्यापकांनी मला एम. एस्सी.साठी हाताखाली घेतलं. मोठ्या मनाचा माणूस. विषय दिला तो वितळलेल्या क्षारांमध्ये धातूंचे इलेक्ट्रोड कसे वागतात याचा. पाण्यात मीठ विरघळवून त्यात तारा बुडवणं मला ठाऊक होतं. इथं पाणी नावालाही नको होतं. क्षारच इतका तापवायचा की तो स्वतः पातळ होईल, आणि त्यात चांदीची, तांब्याची, लोखंडाची तार सोडून तिचा विद्युतदाब मोजायचा. सर म्हणाले होते, "नुसतं मोजू नका. धातूचा स्वभाव बघा." मला ते फार आवडलं होतं. आणि निघताना म्हणाले होते, "एक लक्षात ठेवा. त्यात पाण्याचा थेंब पडू देऊ नका, आणि जळणारं काहीही पडू देऊ नका. कागदाचा कपटासुद्धा नको."

म्हणजे दोन धाक त्यांनी मला बरोबर बांधून दिले होते.

लोखंडी घमेल्यात वाळू, वाळूत जाड काचेचं भांडं, खाली रॉकेलचा स्टो. भांड्यात पोटॅशचा सोरा आणि सोड्याचा सोरा, दोन्ही पांढरे क्षार, सारख्या भागानं. पहिल्यांदा काहीच होत नाही. मग काठाशी ढीग ओलसर दिसू लागतो, जणू कुणी चोरून त्यावर पाणी शिंपडलंय. मग मधला डोंगर खचतो, सरकतो, आणि बघता बघता सगळं निवळतं. खालच्या वाळूचा कण न् कण त्यातून दिसायला लागतो. त्या क्षणी ते इतकं सुंदर दिसायचं की त्याचीच मला भीती वाटायची. विस्तव लाल असतो, उकळतं तेल धूर सोडतं, उकळतं पाणी बोलतं. हे काहीच सांगत नव्हतं.

एप्रिलच्या उन्हात पत्र्याखाली, पेटत्या स्टोवर वाकून बसलेल्या माणसाच्या कपाळावरून घाम गळणारच. एकदा तसा एक थेंब भांड्यात पडला. चर्र करून एवढासा आवाज, आणि भांड्यातून एक शिंतोडा उडून माझ्या मनगटाजवळ, शर्टाच्या बाहीवर बसला. बाहीला गोल भोक पडलं. त्या दिवसापासून मी कपाळाला फडकं घट्ट बांधून बसू लागलो. शेडमधून बाहेर पडताना ते सोडून खिशात घालायचो, कारण लोकांनी विचारलं तर काय सांगायचं, याचीही भीती होतीच.

कॉलेजचे शिपाई महबूबचाचा धीट माणूस. पोत्याखालचा विंचू चिमट्यानं धरून बाहेर टाकायचे. पण या भांड्याच्या जवळ येत नसत.

"चाचा, जरा घमेलं धरता का?"

"नक्को सर. आग दिसती तो मैं हात लगातूं. ये दिसता पानी, है आग. ऐसेसे मैं दूरच भला."

त्या उन्हाळ्यात माय माझ्याकडं राहायला आली. मी खोलीवर जेवायला जात नाही, वाळलोय, असं कुणीतरी एस. टी.तून अणदूरला कळवलं होतं. ती आली ती ज्वारीचं पीठ, चटणी आणि फडक्यात गुंडाळलेली तिची जोडवी घेऊन. दादा गेल्यावर तिनं ती पायांतून काढली होती आणि पेटीत ठेवली होती. चांदीची तार पाहिजे, एवढं मी कधीतरी पत्रात लिहिलं होतं. उमरग्याच्या सोनारानं ती गाळून, शुद्ध करून, बारीक तार ओढून दिली. माय दुकानाच्या पायरीवर बसून सगळं बघत होती.  येताना फक्त म्हणाली, "लई निबार हुती रं, चांगली जाड. दादानं तुळजापुरातनं आनल्याली."

त्यानंतर रोज संध्याकाळी तिचा पहिला प्रश्न तोच.

"जोडवी काय म्हन्त्यात?"

"बरी आहेत."

"दिसभर त्येंला शिजवतोस, आन बरी?"

"शिजत नाहीत माय. चांदी त्यात शांत बसते. लोखंड घातलं की ते सायीसारखी पातळ कातडी धरून आत लपतं. तांबं काळवंडतं. चांदी तशीच्या तशी."

"चांदी हाय ती," माय म्हणाली, जणू मी तिच्या माहेरच्या कुणाची तारीफ केली होती. मग विचारलं, "पर शिजवतोस तरी कशात?"

"मिठात."

"मिठात?"

"मीठ वितळवतो. खूप तापवलं की ते पाण्यासारखं होतं."

पुस्तकात सॉल्ट होतं, शाळेत आम्ही क्षार म्हणायचो, मायला सांगताना तोंडातून मीठ आलं. सोरा हा शब्द माझ्या जिभेवर होता. पण आमच्या भागात सोरा म्हणजे दारूगोळ्याचा सोरा. हैदराबादच्या विलीनीकरणाच्या आधीच्या त्या धामधुमीच्या वर्षी माय आम्हाला घेऊन उभ्या ज्वारीत लपून बसली होती, आणि तेव्हापासून बार, दारू, सोरा असले शब्द आमच्या घरात कुणी काढत नसे. कुणी काढलाच तर ती उठून आत जायची. मीठ ऐकून ती आत गेली नाही. उलट तिचा चेहरा सैल झाला. मीठ तिच्या ओळखीचं होतं.

ते किती ओळखीचं होतं, ते मला नंतर कळलं.

काटा ठरत नव्हता, हे त्या दिवसांचं खरं दुखणं. चांदीचा दाब एका जागी थांबायला हवा होता. थांबला तर तिच्याशी ताडून बाकीच्या धातूंचा स्वभाव सांगता येणार. तो सकाळी एक दाखवायचा, दुपारी दुसरंच. हळूहळू सरकायचा, जसा माणूस कुणाच्या लक्षात न येता बैठकीतून उठून जातो. सुट्टी संपल्यावर सर स्वतः आकडे बघायला येणार होते. मी रात्री दचकून जागा व्हायचो. जेवताना घास हातात तसाच राहायचा.

"ठरला का काटा?"

"नाही."

"कुनाची तर नदर लागलीया."

"काट्याला कोण नजर लावणार माय?"

"म्हशीला लागती, गाडीला लागती, नव्या घराला लागती. काट्याला काय सोनं लागलंय? आन त्येला नसंल तर तुला लागलीया. आरशात बगितलंस का तोंड?"

मी हसलो. हसलो म्हणजे ती गोष्ट तिथं संपली, असं मला वाटलं.

दृष्ट काढताना मीठ, मोहरी आणि सुकलेल्या मिरच्या मुठीत घेतात, ओवाळतात आणि विस्तवावर टाकतात, हे इथं कुणाला सांगायला नको. बोलायचं नाही. कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. टाकलं की तोंड फिरवायचं, मागं वळून बघायचं नाही, आणि हातपाय धुतल्याशिवाय कुणाशी बोलायचं नाही. लहानपणी मला ताप आला की माय हे सगळं करायची, आणि चुलीत मीठ जितकं तडतडेल तितकी तिला खात्री पटायची. मिठाच्या खड्यात कोंडलेल्या पाण्याची वाफ होते म्हणून ते फुटतं, हे मी कॉलेजात शिकलो. ते शिकल्यावरही तो तडतडाट ऐकला की मला बरं वाटायचं.

त्या दुपारी स्टोचं रॉकेल सरत आलं होतं. शेडच्या मागच्या खोलीत डबा होता, तो आणायला मी गेलो. चाचा पाणी आणायला गेले होते. ज्योत मी मोठी ठेवली होती, कारण त्या दिवशी भांडं जास्त तापवून बघायचं होतं. डबा घेऊन परत दारात आलो तर माय आत उभी होती. भाकरीचं गठुडं टेबलाच्या कडेला ठेवलेलं. तिची पाठ माझ्याकडं. उजव्या हाताची मूठ वळलेली, आणि ती मूठ भांड्याभोवती, माझ्या तारांभोवती, गोल फिरत होती.

मूठ लहान होती. तिच्यात मीठ नव्हतं. मीठ कशाला? मीठ तर पोरानं आधीच विस्तवावर ठेवलेलं होतं. त्यानं स्वतः सांगितलं होतं. नुसती मोहरी आणि मिरच्या टाकल्या की झालं.

हे सगळं मला एका क्षणात कळलं. कागदाचा कपटासुद्धा नको, हे सरांचे शब्द कानात आले. मी ओरडलो, "माय."

तिनं डावा हात मागं करून मला गप्प राहायची खूण केली.

"माय, ते टाकू नको. मागं सर."

ओ द्यायची नसते. मूठ फिरत राहिली. माझ्या हातात रॉकेलचा डबा होता. तो घेऊन स्टोजवळ धावता येत नव्हतं. मी तो खाली ठेवला. शेडमधल्या फरश्या सुट्या होत्या, पाय पडला की हलायच्या, आणि घमेलं त्याच फरश्यांवरच्या टेबलावर होतं. धावलो तर भांडं तिच्या अंगावर येईल, असं वाटलं. नाही धावलो तर मूठ उघडेल. मी एक पाऊल टाकलं आणि तिथंच राहिलो.  भांड्यातलं पाणी, जे पाणी नव्हतं, तसंच नितळ होतं. त्यात तिच्या हाताचं प्रतिबिंब फिरताना मला दिसत होतं.

मूठ उघडली.

आधी मोहरी तडतडली, आमच्या चुलीत तडतडायची तशीच. मग फस्स असा आवाज झाला, आणि पिवळाधमक उजेड भांड्यातून वर पत्र्यापर्यंत चढला. काच फुटली. थेंब चहूकडं उडाले. ते टेबलाच्या लाकडावर पडले तिथं ठिणग्या फुलत गेल्या. मिरचीचा धूर घशात शिरला आणि मला काही दिसेना. मी वाळूच्या बादलीसाठी हात चाचपडत होतो. वाळू टाकली, स्टो विझवला, आणि धुरातून तिला शोधू लागलो.

ती दाराकडं चालली होती. सावकाश, मागं न बघता. पदर दोन्ही डोळ्यांवर दाबून धरलेला.

पुढं काटा ठरला. क्षारात दमटपणा राहत होता. तो वाळवून, पुन्हा वाळवून घेतला, नवं भांडं आणलं, आणि फुटक्या काचेतून निघालेली तीच तार बुडवली. तिच्यावर गोठलेल्या सोऱ्याचा पांढरा मणी तयार झाला होता. तेवढा पाण्यानं धुऊन काढला. चांदी तशीच्या तशी होती. सर आले, आकडे बघून म्हणाले, "चांगलं काम केलंत." काटा कशामुळं ठरला याबद्दल मायचं मत वेगळं होतं, आणि ते तिनं शेवटपर्यंत अणदूरभर सांगितलं. "केवढा जाळ झाला म्हून सांगू. केवढी लागली हुती माझ्या पोराला." उजव्या हाताच्या पंजावर मागच्या बाजूला तिला मसुराएवढा पांढरा डाग राहिला होता. तो ती बायकांना दाखवायची. मी तिथं असलो तर उठून बाहेर जायचो.

नात परवाच सांगत होती की आता उन्हाची उष्णता वितळलेल्या मिठात साठवतात, मोठमोठ्या टाक्या भरून, आणि सूर्य मावळल्यावर त्यावर वीज तयार करतात. तिच्या डोळ्यांत कौतुक होतं. मलाही कौतुक वाटलं. पण मी तिला विचारलं ते एवढंच, की त्या टाक्यांना झाकण असतं ना. ती म्हणाली, "तुम्ही पण ना, आजोबा." मला टाक्या दिसत नव्हत्या. मला उमरग्याच्या शेडचा व्हरांडा दिसत होता.

व्हरांड्यात रांजण होता. माय त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. पदर अजून डोळ्यांवर. मी तिच्यामागं धावत आलो.

"माय, डोळे उघड. दिसतंय का तुला? बोल की."

ती बोलली नाही. हातपाय धुतल्याशिवाय बोलायचं नसतं. तिनं चाचपडत लोटा शोधला. चाचपडत, हे मी बघितलं. दादा गेल्यावर हिनं वाकळा शिवून मला शिकवलं, रोज सुईत दोरा ओवून. त्या डोळ्यांचं काय झालं, हे त्या घडीला जगात कुणालाच माहीत नव्हतं, आणि जिला माहीत होतं ती रीत पाळत होती.

लोटा रांजणात बुडला आणि भरून वर आला. नितळ. नुसता नितळ. मी मध्ये पडलो आणि लोट्यावर तळहात धरला. रांजणातलं पाणी आहे, त्या दुष्काळी दिवसांत चाचांनी लांबून वाहून आणलेलं पाणी आहे, हे मला कळत होतं आणि कळतही नव्हतं. हाताला काही लागलं नाही. तरी मी तो हात काढेना. लोटा हिंदकळत होता, पाणी सांडत होतं. शेवटी तिनंच माझं मनगट धरून बाजूला केलं.

तिनं पाय धुतले. हात धुतले. भाजल्या पंजावर पाणी पडलं तेव्हा तिचे ओठ घट्ट मिटले. चूळ भरली. मग ओंजळभर पाणी डोळ्यांवर मारलं, आणखी एकदा मारलं, पदरानं तोंड पुसलं. मी समोर उभा होतो. रस्त्यावरून एक ट्रक गेला. शेडमधल्या काचा किणकिणल्या आणि थांबल्या.

मायनं डोळे उघडले. लाल होते, पाणी गळत होतं. तिनं माझ्याकडं बघितलं, नीट बघितलं, आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"डोकशाला फडकं कशापायी बांधलंस रं?" ती म्हणाली.